जुन्नर कार्यालयातला बंद न होणारा लॅपटॉप

पुण्याच्या कार्यालयाने जुन्नरला लॅपटॉप पाठवला, तो एसटीने. कंडक्टरने बॅग आपल्या सीटजवळ ठेवली होती. स्टँडवर ती आमच्या हाती देताना त्याने विचारले, "म्हंजे आता आमच्याकडची पाकिटं बंद का, भाऊ?"

"तुमी हाय तवर पाकीट बंद व्हत न्हाई," भाऊ म्हणाले. "लाईट गेली की परत तुमच्याच दारात."

भाऊ म्हणजे आमच्या दैनिकाचे जुन्नरचे प्रतिनिधी. सगळा तालुका त्यांना भाऊच म्हणत असे. घर डिंगोऱ्यात, घरची शेती, आणि सकाळच्या एसटीने जुन्नरला येऊन संध्याकाळच्या एसटीने परत जाण्याचा अनेक वर्षांचा क्रम. नव्वदच्या दशकात त्यांच्या बातम्या हाताने लिहिलेल्या पानांवर पुण्याला जात. पाकिटावर दैनिकाचे नाव मोठ्या अक्षरात लिहायचे, पाकीट कंडक्टरच्या हाती द्यायचे, आणि शिवाजीनगरला कार्यालयाचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. बस घाटात अडकली की बातमी एक दिवस शिळी व्हायची. पुढे फॅक्स आला. त्यात पाने वाकडी निघत आणि पुण्याचा उपसंपादक फोन करून एकेक शब्द विचारत बसे.

मी त्या काळात घोडेगावला होतो आणि आंबेगाव तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मला भाऊंच्या हाताखाली जुन्नरला आणले. त्याआधी भाऊंना मी त्यांच्या मजकुरावरूनच ओळखत होतो. त्यांच्या बातमीत विशेषणे नसत. ओझरच्या बाजूला एका मेंढपाळाच्या वाड्यावरून मेंढ्या गेल्या तेव्हा इतर सगळ्या वार्ताहरांनी "बिबट्याचा धुमाकूळ" असे लिहिले. भाऊंनी लिहिले की मेंढ्या गेल्या आहेत, माग कुत्र्याचा की बिबट्याचा हे वनरक्षक उद्या पाहणार आहे. दुसऱ्या दिवशी ते वनरक्षकाबरोबर स्वतः गेले आणि मगच "बिबट्या" हा शब्द वापरला. मेंढपाळाला भरपाई मिळण्यासाठी तोच शब्द लागणार होता. तो एक दिवस उशिरा छापला गेला. पण त्यावर कोणाला बोट ठेवता आले नाही.

त्यांची चूक झाली तर ते दुरुस्तीही स्वतः पाठवत. कोणी मागितली नसली तरी पाठवत. आधीची बातमी ज्या पानावर होती, त्याच पानावर दुरुस्ती छापावी असा त्यांचा आग्रह असे. पुण्यातल्या लोकांना त्याचा कंटाळा होता.

लॅपटॉप आला तेव्हा भाऊंच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी लपवली नव्हती. जुन्नर-आंबेगावसाठी दैनिकाचे वेगळे पान असावे, आणि ते पान जुन्नरच्या कार्यालयातून तयार व्हावे. ही मागणी ते फॅक्सच्या दिवसांपासून करत होते. आता पुण्यातून होकार आला होता, पण सशर्त. काही दिवस सगळा मजकूर दुपारच्या आत लॅपटॉपवरून फोनच्या तारेने पाठवून दाखवायचा. ते जमले तर पान जुन्नरला. जमले नाही तर पान पुण्यात लागेल, जुन्नरच्या खोलीचे भाडे थांबेल, आणि भाऊ घरून मजकूर पाठवतील.

"घरून म्हंजे," भाऊ मला म्हणाले, "मग मी शेतकरी, जमलं तर वार्ताहर."

खोली पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. एक टेबल, दोन खुर्च्या, टेलिफोन, लोखंडी कपाट, आणि फरशीवर सतत एक पातळ पांढरा थर. लॅपटॉप नवा नव्हता. पुण्यात कोणीतरी दोनेक वर्षे वापरलेला होता. तो लावून द्यायला भाऊंनी शेजारच्या गल्लीतल्या संगणक क्लासच्या बाईंना बोलावले. बाईंनी दैनिकाचे अक्षर, म्हणजे फॉन्ट, बसवले, फोनची तार जोडली, मजकूर कसा पाठवायचा ते आम्हा दोघांना दाखवले. भाऊंनी सांगितलेल्या दोन-चार लहानसहान गोष्टी करून दिल्या, चहा घेतला आणि गेल्या. पहिल्या दिवशी बातमी पुण्याला पोहोचली तेव्हा भाऊ फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभे होते. पलीकडून "आली" असे ऐकल्यावरच ते खाली बसले.

त्या वर्षांत जुन्नरला भारनियमन होते. वीज कधी सकाळी जाई, कधी दुपारी, आणि रात्री येऊन-जाऊन. वेळापत्रक आठवड्याला बदले. टेलिफोन मात्र वीज नसतानाही चालू असे. म्हणजे लॅपटॉपची बॅटरी भरलेली असेल तर अंधारातही मजकूर जाऊ शकत होता. सगळा हिशेब त्या बॅटरीवर उभा होता. दिवसा वीज पुरेशी नसल्याने बॅटरी रात्री भरावी लागे. म्हणून संध्याकाळी निघताना आम्ही लॅपटॉप बंद करायचो, झाकण मिटायचो आणि चार्जरची पिन भिंतीत तशीच ठेवायचो.

चौथ्या की पाचव्या सकाळी खोली उघडली तेव्हा मिटलेल्या लॅपटॉपच्या कडेला हिरवा दिवा लागलेला होता. आतला पंखा घुमत होता. बूड एवढे गरम की हात ठेवता येईना. वीज गेलेली होती, आणि मशीन बॅटरीवर एकटेच चालले होते. मी झाकण उघडले तेव्हा स्क्रीन उजळली आणि थोड्याच वेळात सगळे विझले. बॅटरी संपली होती. त्या दिवशी मजकूर हाताने लिहून, वीज असलेल्या भागातला फॅक्स शोधून पाठवला. दुपार उलटून गेली होती.

"काल बंद केला व्हता ना?" भाऊंनी विचारले.

"केला होता. तुमच्यासमोर."

"स्क्रीन काळी झाली, ते माझ्यासमोर. बंद झाला का, ते मी बघितलं न्हाई."

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः बंद केला. स्क्रीन काळी झाल्यावर ते खुर्चीत बसून राहिले, दिवा विझेपर्यंत. मग तळहात बुडाला लावला आणि थंड होईपर्यंत ठेवला. सकाळी आलो तर मशीन पुन्हा गरम, दिवा चालू, बॅटरी शेवटाला.

गिरणीवाल्याला हे आमच्याआधी कळले होते. तो पहाटेच गिरणी उघडत असे. जिन्याखाली भाऊंना गाठून तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या खोलीत कायतरी घुंघुं करतंय राव. काल बी करत व्हतं. मला वाटलं हे पावणं मुक्कामाला ऱ्हायलं."

पावणं म्हणजे मी. घोडेगावचा माणूस जुन्नरला कितीही वर्षे राहिला तरी पाहुणाच.

"घुमायला लागलं कवा?" भाऊंनी विचारले.

"ते काय मी बघतोय? गिरणी बंद असली की ऐकू येतं. गिरणी चालू असली की तुमी बोंब मारली तरी ऐकू येणार न्हाई."

भाऊंनी हे मान हलवून ऐकून घेतले. त्याचा उपयोग पुढे झाला, तेव्हा नाही.

माझे मत व्हायरसचे होते. त्या काळात ज्याचे कारण कळत नसे त्याला आम्ही व्हायरस म्हणत असू. दुसऱ्यांदा फॅक्स करावा लागल्यावर भाऊंनी मशीन बिघडल्याचे पुण्याला कळवले, तेव्हा जिल्हा आवृत्तीच्या प्रमुखांचा फोन आला. प्रमुख वयाने भाऊंपेक्षा लहान, आवाज शांत. त्यांनी लॅपटॉप तपासायला पाठवायला सांगितले आणि एक गोष्ट स्पष्ट केली. मशीन बिघडलेले असेल तर दुसरे मिळेल. हाताळणीचा प्रश्न असेल तर पान पुण्यातच लावावे लागेल, कारण माणसे बदलून देता येत नाहीत.

लॅपटॉप एसटीने पुण्याला गेला आणि दोन दिवसांनी एसटीनेच परत आला. तंत्रज्ञाने सोबत एक ओळ पाठवली होती. दोष आढळला नाही, यंत्र योग्य पद्धतीने बंद करावे.

भाऊंनी ती चिठ्ठी वाचून माझ्याकडे दिली. मला राग आला होता. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता.

"योग्य पद्धत कोणती ते लिहिलं न्हाई. बातमीत असं चालत न्हाई," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन दोष आढळला न्हाई, हे त्यानं खोटं लिहिलं नसंल. त्याला आढळला न्हाई. आपल्याला आढळतो. मग फरक कशात हाय?"

माझ्या पिढीच्या बातमीदारांनी चिठ्ठी लिहिणाऱ्याला दोष दिला असता. भाऊंनी त्याचे विधान खरे मानले आणि तिथून पुढे निघाले. मी नंतर बऱ्याच मोठ्या कचेऱ्यांत काम केले. समोरच्याचे गैरसोयीचे म्हणणे खरे धरून विचार सुरू करणारी माणसे मला फार भेटली नाहीत.

शनिवारी ते लॅपटॉप डिंगोऱ्याला घेऊन गेले. संध्याकाळी चार्ज केला, बंद केला. रविवारी सकाळी तो थंड होता आणि बॅटरी भरलेली होती. सोमवारी त्यांनी जिन्यातच सांगितले, "पुण्यात बंद होतो. डिंगोऱ्यात बंद होतो. जुन्नरात होत न्हाई. दोष मशीनचा न्हाई, जागेचा हाय."

मग जुन्नरच्या खोलीत काय आहे, जे पुण्यात आणि डिंगोऱ्यात नाही, याचा शोध सुरू झाला. टेलिफोनची तार. दाब कमी-जास्त होतो म्हणून मध्ये बसवलेला जुना स्टॅबिलायझर. पीठ. आणि खालच्या गिरणीचा हादरा, ज्याने टेबलावरचा पेन दिवसभर सरकत असे. मी म्हणालो, आज सगळेच काढून ठेवू. भाऊ नाही म्हणाले.

"सगळं एकदम काढलं तर बरं व्हईल, पन का झालं ते कळायचं न्हाई. मग पुन्यांदा व्हईल."

एका संध्याकाळी फक्त टेलिफोनची तार काढली. सकाळी मशीन चालू. दुसऱ्या संध्याकाळी तार परत लावली आणि स्टॅबिलायझर काढला. सकाळी मशीन चालू. तिसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या फडक्याने लॅपटॉप गुंडाळला, पीठ जाऊ नये म्हणून. सकाळी मशीन चालू, आणि गुंडाळल्यामुळे इतके गरम की भाऊंनी ते फडके पुन्हा वापरले नाही. या सगळ्या दिवसांत मजकूर फॅक्सने आणि एसटीच्या पाकिटाने जात होता. कंडक्टर पाकीट घेताना नुसता हसे. पुण्याहून फोन येणे बंद झाले होते. ते चांगले लक्षण नव्हते.

गिरणीवाला जिन्यात उभा राहून आमची प्रगती विचारत असे.

"आज काय काढलं?"

"फडकं," मी म्हणालो.

"आता मीच ऱ्हायलो. मला काढता का काय खोलीखालून?"

"तुमचा नंबर उद्या," भाऊ म्हणाले. "मशीन बसवताना इच्यारायचं ऱ्हायलं. गिरणी दिवसातनं कितींदा बंद-चालू व्हती?"

"लाईट जाईल तितक्यांदा. गेली की बंद. आली की मी उठतो, खटका वढतो, तवा चालू. आपोआप कोन चालू करनार?"

भाऊ पायरीवर थांबले. वर आल्यावर मला म्हणाले, "आपन रोज संध्याकाळी जातो आन सकाळी येतो. मधलं कुनी बघितलंच न्हाई. साक्षीदार नसलेली बातमी लिहितोय आपन."

रात्री थांबण्याची गरज नव्हती. त्या आठवड्यात दुपारचेही भारनियमन होते. जेवणाआधी भाऊंनी लॅपटॉप बंद केला, झाकण मिटले, पिन भिंतीत ठेवली, जशी संध्याकाळी ठेवत असू तशी. खुर्च्या टेबलापासून मागे सरकवल्या.

"हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "नुसतं बघायचं."

दिवा विझला. पंखा थांबला. मशीन पूर्ण बंद होते. याबद्दल आता शंका राहिली नाही. आम्ही डबे उघडले. जेवण चालू असताना वीज गेली. वरचा पंखा मंदावत थांबला, खालची गिरणी आवाज उतरत उतरत शांत झाली आणि पेठेतली माणसे बोलताना ऐकू येऊ लागली. लॅपटॉप होता तसाच राहिला. भाऊंनी डबा धुऊन ठेवला आणि हाताने बातमी लिहायला घेतली, लेण्याद्रीच्या पायऱ्यांजवळच्या पाण्याच्या टाकीबद्दल. दोन ओळी लिहून ते मान वर करून टेबलाकडे पाहत, पुन्हा लिहू लागत.

वीज आली तेव्हा छतावरचा पंखा आधी हलला. गिरणी शांतच होती, गिरणीवाला अजून उठला नव्हता. आणि त्या शांततेत, मिटलेल्या लॅपटॉपच्या कडेला हिरवा दिवा लागला. आतून बारीक घुंघुं सुरू झाले. आमच्यापैकी कोणीही जागचे हललेले नव्हते.

भाऊंनी हातातले पान बाजूला ठेवले.

"आरं," ते म्हणाले, "ही तर आमची मोटर झाली."

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. शेतीला वीज अवेळी येते. ती येईल तेव्हा शेतकरी विहिरीवर असेलच असे नाही. म्हणून पंपाच्या मोटरीला एक लहानशी जोडणी बसवलेली असते, तिला सगळे ऑटो म्हणतात. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते आणि पाणी चालू लागते. वीज मंडळाचे लोक ऑटो काढायला सांगत, कारण वीज येताच साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळते. लोक हो म्हणत आणि मंडळाची गाडी गेली की ऑटो पुन्हा बसवत. डिंगोऱ्यात वीज आल्याचे घरातल्या दिव्यावरून कळण्याआधी नदीकाठच्या मोटरींच्या आवाजावरून कळते. तिथे लहानाचा मोठा झालेल्या माणसाला आपोआप सुरू होणारे यंत्र हे चांगले यंत्र वाटते.

मी हे सगळे मनात जुळवत असताना भाऊ आणखी पुढे गेले होते. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"त्या बाईंना मीच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "पयल्या दिवशी."

आम्ही संगणक क्लासमध्ये गेलो. बाई शिकवत होत्या. मुलांना टंकलेखनाचा धडा देऊन बाहेर आल्या आणि ऐकून घेतल्यावर हसू आवरू शकल्या नाहीत.

"भाऊ, तुम्हीच म्हणालात ना, ह्याला ऑटो आहे का? लाईट आली की आपलं आपण चालू व्हायला पाहिजे, मी जिना चढून येईपर्यंत तयार पाहिजे. मी म्हटलं, कशाला? तुम्ही म्हणालात, लावून द्या, आमच्याकडे सगळ्यांचं असतं."

"म्हनालो."

"सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एक सोय असते, सगळ्या मशीनांत नसते. ह्यात निघाली. लावून दिली. मशीन बिचारं सांगितलेलं ऐकतंय."

बाकीचा उलगडा भाऊंनी चालता चालता केला. संध्याकाळी आम्ही बंद केलेले मशीन खरोखर बंद होत होते. रात्री वीज जाऊन आली की ते उठत होते. पुन्हा वीज गेली की बॅटरीवर चालत राहत होते, सकाळपर्यंत, किंवा संपेपर्यंत. पुण्याच्या कार्यालयात वीज जात नव्हती, म्हणून तिथे ते उठले नाही. आणि डिंगोऱ्यात वीज जात होती, पण विजा आणि दाबाच्या भीतीने भाऊंच्या घरी झोपण्याआधी प्रत्येक पिन भिंतीतून काढली जाते. वहिनींची ती शिस्त. त्यांनी लॅपटॉपचीही काढली होती. ही डिंगोऱ्याची गोष्ट मात्र भाऊंनी घरी विचारून खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितली, अंदाज म्हणून आधी सांगितली नाही.

बाईंनी येऊन ती सोय काढली. काम चहा निवायच्या आत झाले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. पुण्याला काय कळवायचे?

मी सुचवले, "बिघाड सापडला, दुरुस्त केला, उद्यापासून मजकूर वेळेत येईल. एवढं पुरे."

"बिघाड नव्हता. मग बिघाड सापडला असं कसं लिहायचं?"

"भाऊ, प्रमुखांनी काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे. मशीनचा दोष असेल तर दुसरं मशीन. हाताळणीचा असेल तर पान पुण्यात."

"म्हाईत हाय."

"मग आपल्या हातानं का लिहून द्यायचं? कोणी विचारलेलं नाही."

"त्या पोरानं पुण्यात तपासून लिहिलं, दोष आढळला न्हाई. त्याचं बरोबर व्हतं. आपन बिघाड म्हनलं की त्याचं चुकीचं ठरतं. त्याला तिथं कुनीतरी इच्यारंल, तुला कसा दिसला न्हाई म्हनून."

त्या तंत्रज्ञाचा मला विसर पडला होता. ज्याच्या एका ओळीने भाऊंचा अपमान झाला असे मी समजत होतो, त्याचीच बाजू भाऊ सांभाळत होते.

मी आणखी एकदा प्रयत्न केला. खोली जाईल, पान जाईल, इतक्या वर्षांची मागणी जाईल, असे सगळे बोलून झाले. भाऊंनी ऐकून घेतले. मग लॅपटॉप उघडला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, मजकूर लिहिला. मी मागे उभा होतो. तो असा होता: जुन्नर कार्यालयातील यंत्रात दोष नव्हता. वीज येताच ते आपोआप सुरू व्हावे, अशी सोय मी स्वतः करून घेतली होती. वीज येथे वारंवार जाते आणि येते, त्यामुळे यंत्र रात्रभर चालू राहून बॅटरी संपत होती. सोय काढून टाकली आहे. आपल्या तंत्रज्ञांचा अभिप्राय बरोबर होता. यापूर्वी मी यंत्र बिघडल्याचे कळवले होते, ते चुकीचे होते.

खाली नाव. ते त्यांनी फोनच्या तारेने पाठवले, बातम्यांच्या आधी.

प्रमुखांचा फोन दुपारी आला. रिसीव्हर भाऊंच्या कानाला होता, पण खोली लहान आणि आवाज मोठा येत असे.

"असं कोणी मुद्दाम करून घेतं का, भाऊ?"

"आमच्याकडं सगळेच करून घेत्यात."

"हे तुम्ही कळवलं नसतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं. पन आधी चुकीचं कळवलं व्हतं."

"बरं," प्रमुख म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या "बरं"चा अर्थ लावण्यात आमचा आठवडा गेला. भाऊंनी त्याबद्दल चर्चा केली नाही. रोज सकाळी येत, बॅटरी भरलेली पाहत, दुपारच्या आत मजकूर पाठवत. वीज जात होती, येत होती, मजकूर जात होता. गिरणीवाल्याने विचारले, सापडलं का? भाऊंनी सगळे सांगितले, स्वतःची चूक आधी. गिरणीवाला म्हणाला, "मग मी खटका हातानं वढतो ते बरं म्हनायचं की." आणि पुढचे काही दिवस तो वीज आली की खालून मुद्दाम ओरडून सांगे, "भाऊ, मी वढतोय, तुमी बघा."

पान मिळाले. रोजचे नाही, आठवड्यातून दोन दिवसांचे. खोली राहिली. प्रमुखांनी कारण कधी सांगितले नाही. काही वर्षांनी मी पुण्याला बदलून गेल्यावर ते एकदा कँटीनमध्ये बोलता बोलता म्हणाले की त्या दिवसांत प्रत्येक तालुक्यातून मशीनच्या तक्रारी येत होत्या, आणि काय झाले होते हे त्यांना फक्त जुन्नरबाबत कळले. बाकीचे अजून माहीत नाही. एवढेच ते बोलले.

जुन्नरचे पान पहिल्यांदा लागले तो दिवस मला आठवतो. सकाळपासून वीज नव्हती. मजकूर बॅटरीवर गेला. दुपारी शेवटची ओळ पोहोचल्याचे पुण्याहून कळल्यावर भाऊंनी लॅपटॉप बंद केला, झाकण मिटले, पिन भिंतीत ठेवली. दिवा विझेपर्यंत थांबले, तळहात लावून पाहिला. त्या दिवशी त्यांना लवकर घरी जायचे होते, मळ्यात माणसे कामाला लावली होती. पण ते टोपी घालून पुन्हा खुर्चीत बसले.

मी विचारले, विहिरीवरच्या मोटरीचा ऑटो आता काढणार का?

"तो कशाला काढायचा?" ते म्हणाले. "मोटरीनं मी नसताना काम करायचंय. ह्यानं मी असताना."

बराच वेळ गेला. छतावरचा पंखा हलला आणि फिरू लागला. भाऊ लॅपटॉपकडे पाहत होते. कडेचा दिवा लागला नाही. त्यांनी आणखी थोडे थांबून पाहिले.

खालून गिरणीवाल्याचा आवाज आला, "भाऊ, डिंगोऱ्याची एसटी गेली तुमची."

"जाऊ द्या," भाऊ म्हणाले. "लाईट आलीया, आन हे गप हाय."

त्यांनी खोलीला कुलूप लावले आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहत गिरणीच्या पायरीवर बसले. खटका ओढला गेला होता, गिरणी चालू होती, त्यामुळे पुढे ते काय बोलले ते ऐकू आले नाही.